धवईच्या फुलांचं मडकं

आई, तू कधी खोटं बोलली नाहीस असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. मागच्या मंगळवारी दुपारी कांचघरला, आपल्या जुन्या मोहल्ल्यात, गेले आणि ते वाक्य मला परत घ्यावं लागलं. त्याला आज पाच दिवस झाले. मी रोज कामावर जाते, प्लेटांवरचे ठिपके मोजते, वहीत आकडे लिहिते, हात नेहमीसारखे चालतात. पण मध्येच एखाद्या क्षणी मी हातात काय धरलं आहे तेच मला कळत नाही. परवा एक काचेची नळी फुटली. इतक्या वर्षांत माझ्या हातून काच फुटलेली नाही, त्यामुळे सगळ्यांनी वळून पाहिलं. मी काही सांगितलं नाही. तुला सांगते आहे, कारण तुला जाऊन दहा वर्षं झाली आणि हे तू कोणाजवळ बोलणार नाहीस.

आधी कामाचं सांगते, नाहीतर पुढचं लागणार नाही. हल्ली माझं काम फुलांवर आहे. त्याच फुलांवर, ज्यांना पुस्तकात धायटी म्हणतात आणि आपल्याकडे धवई. तू घरी अरिष्ट, ते आंबवलेलं औषध, करायचीस तेव्हा काढा निवला की गूळ पडायचा, सगळ्यात शेवटी ही लाल वाळकी फुलं पडायची आणि मडक्याचं तोंड महिनाभर बंद. फुलाच्या नळीत मध असतो आणि त्या मधावर यीस्ट राहतं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एक जीव. तो काढ्यातला गूळ खातो आणि त्याचं अल्कोहोल करतो. त्या अल्कोहोलमुळे औषध टिकतं. हे रानटी यीस्ट फुलांवरून वेगळं काढायचं, वाढवायचं, कोणतं आहे ते ओळखायचं, हे माझं काम. इथल्या गोरखपूर बाजारातल्या जडीबुटी विकणाऱ्या पंसाऱ्यांकडून मी फुलांचे सात पुडे आणले. पाचांतून काहीच उगवलं नाही, कारण ती फुलं वर्षानुवर्षं पोत्यात पडलेली होती. साहेब म्हणाले, घरी करणारं कोणी शोध, चालू मडकं मिळालं तर बघ. मी म्हटलं, आता कोणी करत नाही, माझी आई करायची, तिने सोडलं. त्यांनी विचारलं, का सोडलं? मी म्हटलं, त्यात किती अल्कोहोल आहे ते मी मोजून दाखवलं म्हणून. ते हसले. मीही हसले असेन.

कांचघरला आपल्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या चाचींना मी फोन केला तो फक्त एवढं विचारायला, की तू फुलं कुठल्या टेकडीवरून आणायचीस. त्या म्हणाल्या, "काए बिटिया, फूल का करोगी? मटका ही देख जाओ. तुम्हारी अम्मा का मटका तो हमारे यहाँ धरा है." मी विचारलं, कौन सा मटका? त्या म्हणाल्या, "अरे वही, घी वाला. अभी चढ़ा रखा है, बीस-बाईस दिन हो गए." मी बरं म्हणून फोन ठेवला. त्यांचं वय झालं आहे, काहीतरी गोंधळ होत असेल, असं स्वतःला सांगितलं. कारण ते मडकं फुटल्याचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. निदान खापऱ्या पाहिल्या होत्या.

कांचघरच्या त्या दोन खोल्या मला अजून मापासकट आठवतात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गव्हाची पत्र्याची कोठी, आणि उन्हाळ्यात त्या गव्हात गळ्यापर्यंत पुरलेलं ते मडकं. आतून तू त्याला तूप चोळायचीस, मग पालथं धरून धूप द्यायचीस. तोंडावर फडकं, फडक्यावर माती. लग्नाआधी गोरखपुरातल्या एका म्हाताऱ्या वैद्यांकडे तू पुड्या बांधायला जात होतीस आणि हे सगळं त्यांच्याकडे बघून शिकलीस. दिवसातून एकदा हातातलं काम टाकून तू कोठीत वाकतेस, मडक्याला कान लावतेस, हात वर करून मला गप्प राहायला सांगतेस. मग उठतेस आणि म्हणतेस, "काम करून राहिली फुलं." एकदा मी ती फुलं चाळणीत घेऊन नळाखाली धरली, कारण त्यांत धूळ होती आणि मेलेले किडे होते. तू चाळणी हिसकावून घेतलीस. "काहून धुऊन राहिली? त्यांच्या अंगावरचं जाते ना!" अंगावरचं म्हणजे काय, मी विचारलं. "जे असते ते," तू म्हणालीस. मी नाक मुरडलं, तशी हसायला लागलीस. "धू मॅडम, धू. फुलं धू, गूळ धू, मग मलाही धू."

हे औषध तू बाळंतिणींसाठी करायचीस. आपल्या गल्लीत कोणी बाळंत झालं की सव्वा महिन्यानंतर तिच्या घरून कोणीतरी बाटली घ्यायला येणार हे ठरलेलंच होतं. आणि तू स्वतः दोन्ही जेवणांनंतर दोन दोन चमचे कोमट पाण्यातून घ्यायचीस. माझ्या जन्मानंतर सुरू केलंस ते कधी थांबवलंच नाहीस. त्याच घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. मामांना तू लग्नाआधी कलारीच्या, त्या दारूच्या दुकानाच्या, पायरीवरून उचलून आणत होतीस, शेवटच्या वेळी आणलंस ते गेलेलेच. त्यांच्या अस्थी सोडताना ग्वारीघाटावर नर्मदाजींचं पाणी ओंजळीत घेऊन तू बोललीस, की एक थेंब माझ्या तोंडात जाणार नाही आणि माझ्या घरात येणार नाही. हे तू फारसं सांगायची नाहीस, पण पाळायचीस. होमिओपॅथीच्या गोळ्या चालायच्या, थेंब नाही, कारण त्यांना वास येतो. खोकल्याचं औषध आणलं की बाटली आधी माझ्या हातात. मी पहिलीत होते. "वाच, यात आहे का ते." इंग्रजीतला 'अल्कोहोल' हा शब्द मला माझ्या नावाच्या स्पेलिंगआधी ओळखता यायला लागला. मी मान हलवून नाही म्हणायचे, तेव्हाच तू झाकण उघडायचीस. बाबांचं तू ऐकत नव्हतीस, दुकानदाराचं तर नाहीच. घरात बाटली वाचणारी मी होते.

म्हणून त्या दिवशी तू मला उलटून काही विचारलं नाहीस, हे मला आता कळतं आहे. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मेचा पहिला आठवडा, दुपारचे तीन. तू समोरच्या घरातल्या सुनेसाठी बाटली भरत होतीस, नरसाळ्यावर फडकं धरून. मी कॉलेजातून आले, पाणी प्यायले, आणि म्हटलं, "आई, त्यात नऊ टक्के अल्कोहोल आहे. बिअरपेक्षा जास्त." तू फडकं पिळत होतीस. "कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "मी मोजलं." तू नरसाळं बाटलीतून काढून ताटलीत ठेवलंस. "पण मी तर काही टाकत नाही ना त्यात." मी तुला सगळं समजावून सांगितलं. नीट सांगितलं, मुद्द्यामागून मुद्दा. यीस्ट फुलांवरून येतं, गूळ खातं, तू ऐकतेस तो आवाज वायूचा आहे, मडक्याच्या तोंडाशी तू धरतेस ती जळती काडी विझते तीही त्याच वायूने. तू विचारलंस, "महुआची काढतात, तसंच?" मी म्हटलं, "तशी भट्टी लावून काढलेली नाही. पण जीव त्याच जातीचा आणि होतं तेच." तू म्हणालीस, "तेच." मला वाटलं, तुला पटलं. मला बरं वाटलं होतं, आई. एखादं गणित बरोबर आल्यावर वाटतं तसं.

दुसऱ्या दिवशी कोठीत नुसते गहू होते आणि मागच्या नळापाशी खापऱ्यांचा ढीग होता. तू म्हणालीस, "फोडलं मी ते." मी खापऱ्या पाहिल्या. पाहिल्या म्हणजे त्यांच्यावरून नजर फिरवली. त्यांतली एकही उचलली नाही.

मंगळवारी चाचींनी मला सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं. गव्हाचं पिंप, त्यात गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं. त्यांनी हाताने गहू बाजूला केले. मडक्याच्या कंठाला बोटभर टवका उडालेला होता. तो मी सहा वर्षांची असताना खलबत्त्यातला बत्ता आपटून उडवला होता आणि त्याबद्दल तुझी चापट खाल्ली होती. त्या टवक्यावर मी बोट ठेवलं. फडक्याच्या आतून आवाज येत होता. चाचींनी मडक्याला कान लावला, हात वर करून मला गप्प केलं, अगदी तुझ्यासारखं, आणि म्हणाल्या, "सुनो. काम कर रये हैं फूल."

मी खाली बसले. त्यांना वाटलं मला घेरी आली, म्हणून पाणी दिलं. पाणी त्यांच्या माठातलं होतं. तो माठ बघितला आणि मला आठवलं, की त्या वर्षी मेमध्ये, ऐन उन्हाळ्यात, आपल्याकडे पाण्याचा माठ नव्हता. तू म्हणाली होतीस, आता फ्रीज आहे ना, माठ कशाला भरायचा. आणि त्या खापऱ्या आतून लाल होत्या. कोरड्या, लाल. तुपाधुपाचं मडकं आतून काळं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पुरावा माझ्या पायाशी पडला होता, आणि मी त्याच्याकडे न बघता मला हवा तो निष्कर्ष लिहून टाकला होता.

मग चाचींनी सांगितलं ते असं. तू त्याच दिवशी संध्याकाळी, मी शिकवणीला गेल्यावर, मडकं जुन्या साडीत गुंडाळून त्यांच्याकडे घेऊन गेलीस. "बोलीं, बहन, इसे अपने गेहूँ में गाड़ लो. लड़की को मालूम न पड़े." का, मी विचारलं. "बोलीं, लड़की ने नाप लिया है, उसकी पढ़ाई झूठी नहीं हो सकती. और जच्चा खाली हाथ लौटे, ये भी हमसे नहीं होगा." बाळंतीण रिकाम्या हाती जायला नको होती तुला. मंगळवारच्या दुपारी तू भजनाला जायला लागलीस ते हे. तुला भजनाची आवड कधी नव्हती, तरी मला शंका आली नाही. उलट आई आता चार बायकांत मिसळते म्हणून मला जरा समाधानच वाटलं होतं. दोन वर्षं, तू जाईपर्यंत, दर मंगळवारी तू चाचींना शिकवत होतीस. फुलं आणायला दोघी टेंपोने बरगीच्या रस्त्यावरच्या टेकडीपर्यंत जायच्या. आता चाचींचा नातू फुलं आणून देतो.

मी विचारलं, "खुद लेती थीं?" चाची म्हणाल्या, "ना. उस दिन के बाद जीभ पे नहीं धरी. चखाती हमसे थीं. पूछतीं, बता तो, खट्टी तो नहीं पड़ी?" एवढं सांगून त्या हसल्या, "हमको दारू पिलाती थीं, और खुद सूँघती थीं." मीही हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या पुढचं बोलल्या. त्यांना वाटत होतं ते मला माहीत आहे. "और वो नौ सोमवार. कितना मना किया हमने."

कौन से सोमवार, मी विचारलं.

मला माहीत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. मग सांगितलं. मडकं आणलंस त्या संध्याकाळी तू त्यांना विचारलंस, नऊ टक्के म्हणजे शंभरात नऊ ना? त्या हो म्हणाल्या. तू म्हणालीस, मग नऊ सोमवार. कांचघरपासून ग्वारीघाटापर्यंत, अनवाणी. वीस वर्षं नर्मदाजींना दिलेला शब्द मोडत राहिले, त्याची माफी मागायला. "हमने कहा, बौरा गईं का? अनजाने में हुआ है, मैया एक डुबकी में माफ कर देंगी. बोलीं, नहीं. नाप के बताया है, तो नाप के ही चुकेगा."

मे आणि जून, आई. सकाळी लवकर निघालीस तरी पोचेपर्यंत डांबर तापलेलं असणार. तू घरी यायचीस तेव्हा मी आवरून निघालेली असायचे. एकदाच मी उशिरा निघाले आणि तू पायरीवर बसून तळव्यांना हळद-तूप लावताना दिसलीस. दोन्ही तळव्यांवर फोड. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "चप्पल लागून राहिली." मी म्हटलं, "मग नवीन घे ना." आणि निघून गेले. चपलेने पट्ट्याखाली फोड येतो, तळव्याला येत नाही. एवढं दिसत होतं.

परवा बाबांना विचारलं. ते आता माझ्याकडेच असतात, विजय नगरला, गॅलरीत पेपर वाचत बसतात. म्हटलं, आई सोमवारी अनवाणी घाटावर जायची ते तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, "हो तर. तुझ्या परीक्षेसाठी बोललेलं होतं तिने. तू पहिली आली म्हणून मग फेडलं." परीक्षेचा निकाल जुलैत लागला होता, बाबांचा क्रम चुकतो आहे. मी तो दुरुस्त केला नाही. चहा करायला आत गेले.

म्हणजे तू मला खोटं सांगितलंस, बाबांना खोटं सांगितलंस, पाण्याचा चांगला माठ फोडून त्याच्या खापऱ्या नळापाशी मांडल्यास. ज्या आईला मी ओळखत होते तिला हे जमण्यासारखं नव्हतं. पाच दिवस मी हेच घोकते आहे आणि ते माझ्या डोक्यात बसत नाही. तू माझ्यावर रागावली असतीस तर मला समजलं असतं. माझं ऐकून खरंच मडकं फोडलं असतंस तरी समजलं असतं. पण तू माझा शब्द खरा धरलास, त्याची शिक्षा एकटीने भोगलीस, आणि बाळंतिणींची बाटलीही चुकू दिली नाहीस. या तीन गोष्टी एका माणसात एकत्र बसतात हे मला शिकवलेलं नव्हतं.

चाचींनी माझ्यासाठी मडक्याचं तोंड उघडून गाळासकट एक बाटली भरून दिली आणि कागदात थोडी फुलं, यंदाच्या फाल्गुनातली, त्याच टेकडीवरची. न धुतलेली. फुलांतून चांगलं उगवलं. मडक्यातल्या गाळातूनही उगवलं, आणि दिसायला दोन्ही सारखी आहेत. नक्की एकच आहेत का ते तपासायला अजून वेळ लागेल. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट अंड्यांसारखे दाणे दिसतात, एकेकाला बाजूने दुसरा कोंब फुटलेला. फुलांच्या अंगावरचं. जे असते ते. मी खूप वेळ बघत बसले होते.

आणि शुक्रवारी मी बाटलीतलं अरिष्ट ऊर्ध्वपातन करून मोजलं. तीन वेळा. पाच पूर्णांक दोन, पाच पूर्णांक तीन, पाच पूर्णांक दोन. हे तुझ्या हातचं नाही, त्या वर्षीचं नाही, याचा महिनाही भरलेला नाही, हे मला कळतं. मडकं तेच, गुळाचं माप तेच, टेकडी तीच, तरी याच्यावरून त्याचं सांगता येत नाही. असं कोणी माझ्यासमोर सांगितलं तर मी त्याला थांबवेन. पण मला जो आकडा मिळाला तो हाच. आणि त्या मडक्यातल्या अरिष्टाचा कोणी मोजलेला आकडा आजवर हा एकच आहे.

कारण मी मोजलं नव्हतं, आई. कॉलेजात ऊर्ध्वपातनाचा संच तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी होता. मी बाटली घेऊन गेले होते, तेव्हा प्रयोगशाळेतले भैया म्हणाले, "अगले साल आना." मग मी वाचनालयात गेले. पुस्तकात लिहिलं होतं, अशा औषधांत पाच ते दहा टक्के असतं. मला बिअरपेक्षा जास्त हवं होतं. दहा म्हटलं असतं तर अंदाज वाटला असता. नऊ हा मोजल्यासारखा वाटतो.

पाच सोमवार पुरले असते.

चाची म्हणाल्या, मनात काही असेल तर कागदावर लिहून मैयामध्ये सोडून ये. मी कागद नदीत टाकत नाही, आणि हा तर नाहीच. हा माझ्या कामाच्या वहीत राहील, त्या तीन आकड्यांच्या पानात. आज रविवार आहे. मघाशी साडेअकराला मी चपला घरात ठेवून खाली गेले. तापलेल्या डांबरावरून कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत जायचं ठरवलं होतं. विजेच्या तिसऱ्या खांबापाशी मी थांबले आणि सावलीसावलीने परत आले.